चिंचपोकळीची सामुद्रधुनी

जगातला सगळा समुद्र माझ्या बायकोच्या मामांच्या परवानगीने चालतो. भरती-ओहोटीचं सोडा, ते खातं चंद्राकडे आहे. पण बाकीचा कारभार, म्हणजे कुठलं जहाज कुठल्या बंदरात लागावं, कुठल्या मालाला कुठला मार्ग सोयीचा, कुठल्या अरुंद पाण्यात कुणाची दादागिरी चालते आणि ती कशी मोडून काढावी, हे सगळं चिंचपोकळीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात बसून ठरतं. मामा स्वतः जन्मात एकदाही जहाजाने कुठे गेलेले नाहीत. चौतीस वर्षं ते गोदीत टॅली क्लार्क होते. म्हणजे जहाजातून उतरणारा माल एकेक नग मोजून लिहून घेणारे. जहाजं आली, गेली, मामा धक्क्यावर उभे राहून मोजत राहिले. मी परळला, पूर्वी जिथे गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर बसून ‘सप्लाय चेन’ या विषयावर स्लाइड्स बनवतो. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनाकडे बाण काढायचा, हे माझं काम, आणि त्याचे मला पैसे मिळतात. मामांनी एकदा माझी एक स्लाइड पाहिली आणि बाणाच्या टोकावर बोट ठेवून विचारलं, “हा बाण कुठल्या धक्क्याला लागतो?” मी म्हणालो, “मामा, तो नुसता बाण आहे.” ते म्हणाले, “तेच म्हणतोय.” त्यानंतर कितीतरी दिवस मला बाण काढताना उगाच अवघडल्यासारखं व्हायचं.

आमची पहिली भेटच माझी इभ्रत घालवणारी होती. लग्न ठरायचं होतं. बायकोला वडील नाहीत, तेव्हा मामांची पसंती महत्त्वाची. मी परळहून पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेलो. मामांनी दारातच थांबवलं. “कुठून निघालात?” “दादरहून.” “वाटेत कुठे थांबलात?” “परळला.” “माल काय?” मी बॉक्स पुढे केला. “किती नग?” आता पेढे मोजून कोण आणतं? मी म्हणालो, “असतील दहा-बारा.” मामांचा चेहरा एकदम बदलला. चिडले की ते गावच्या भाषेत शिरतात. “आसतले म्हंजे काय? आसत की नाय, ता सांगा.” मग मामींना ताट आणायला सांगून त्यांनी बॉक्स उघडला आणि जोडीजोडीने पेढे ताटात मांडले. अकरा निघाले. बॉक्स बाराचा होता, हे बॉक्सवरच छापलेलं होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, माझी होणारी बायको खिडकीबाहेर पाहू लागली, आणि मला कबूल करावं लागलं की बाराव्याचा निकाल मी टॅक्सीतच लावला होता. “वाटेत तूट आली,” मामा म्हणाले, “पण कबूल केलीत. चालेल.” माझं लग्न असं ठरलं. गोदीत ‘असेल’ हा शब्द चालत नाही, असं त्यांनी त्या दिवशी मला समजावलं. पेटी एकतर आहे किंवा नाही. ‘असेल’ म्हणणाऱ्या माणसाने कवितेच्या धंद्यात जावं, गोदीत येऊ नये.

मामांना जेवायला बोलावणं ही आमच्या घरात कुणाच्याही अंगावर काटा यायची वेळ असे. पानात वाढलेल्या प्रत्येक पदार्थाचं ते बंदर सांगतात. हिंग इराणचा, डाळ आफ्रिकेची, वाटाणे कॅनडाचे, तेल मलेशियाचं. माझ्या आईने एकदा आषाढी एकादशीला त्यांना मोठ्या प्रेमाने फराळाला बसवलं. माझी आई म्हणजे सोवळ्याओवळ्याची. मामांनी साबुदाण्याची खिचडी चमच्यावर धरली आणि सगळ्यांना सांगितलं, “साबुदाण्याचा कंद समुद्रापलीकडचा. शेंगदाणा समुद्रापलीकडचा. बटाटा तिकडचाच आणि मिरचीही तिकडचीच. फिरंग्यांची गलबतं आली नसती तर विहीणबाई, आज तुम्हाला नुसतं पाणी पिऊन उपास करावा लागला असता.” आई म्हणाली, “देवाला चालतं ना पण?” मामा म्हणाले, “देवाची तक्रार नाही. त्याला चव कळते.” मग मिरची यायच्या आधी आपले पूर्वज मिऱ्यावर तिखटाची तहान कशी भागवायचे आणि त्या मिऱ्यासाठी अर्ध्या जगाने आपल्या किनाऱ्यावर कशा चकरा मारल्या, हे सांगता सांगता त्यांनी खिचडी तीनदा मागून घेतली. आईने त्या वर्षापासून एकादशीला वरईचे तांदूळ आणि ताक एवढंच ठेवलं आहे. वरई इथलीच ना, हे तिने मला गुपचूप विचारून घेतलं. मी ‘हो, असेल’ म्हणालो.

इतिहासाचा विषय निघाला तर मात्र हसण्यावारी नेलेलं त्यांना खपत नाही. मी एकदा, कुठेतरी वाचलेलं, सहज म्हणून गेलो की इंग्रज आपल्या आरमाराला चाचे म्हणायचे. मामांनी हातातला चहा खाली ठेवला. आपल्या समुद्रातून जायचं तर आपलं दस्तक, म्हणजे परवानगीचा कागद, घ्यावा लागे, हे त्यांनी मला पहिल्यापासून सांगितलं. “फाटक न उघडता कंपाउंडावरून उडी मारणारा चोर, की ‘कोण आहे रे’ विचारणारा?” मी म्हणालो, “उडी मारणारा.” “मग चाचा कोण?” हे दस्तकाचं वेड त्यांनी घरातही आणलं. बाहेर पडणाऱ्याने कुठे, कशाला आणि परत कधी हे सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. त्यांची एकुलती एक मुलगी सायली कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणीसुद्धा जिन्यावरूनच ओरडून सांगत, “काका, सायलीला घेऊन लालबागला, पावभाजी, साडेआठ.” मामा आतून म्हणत, “दिलं.” तेवढं ऐकल्याशिवाय कुणी खाली उतरत नसे.

आणि त्यांची सामुद्रधुनी. चाळीच्या गॅलरीत जिन्याशी एक अरुंद जागा आहे. तिथे शेजाऱ्यांनी चपलांचं कपाट ठेवलं आणि ती आणखी अरुंद झाली. मामा त्या जागेला बाब-अल-मंदेब म्हणतात. तांबड्या समुद्राचं हे दक्षिणेकडचं तोंड, अरबस्तान आणि आफ्रिका यांच्यामधली चिंचोळी वाट. “जगाचा एवढा व्यापार एवढ्या बोळातून जातो,” ते कपाटाकडे हात करून म्हणतात, “म्हणून तिथे चार माणसं पण बंदूक घेऊन बसली तर इकडे दादरला डाळ महागते.” मला हे इतकं आवडलं की मी ते ऑफिसात एका स्लाइडवर घेतलं. चपलांच्या कपाटाचा फोटोसुद्धा टाकला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि मला समुद्री व्यापाराच्या धोक्यांवर सगळ्या शाखांना भाषण द्यायला लावलं. मामांचं नाव मी घेतलं नाही. त्याच महिन्यात ऑफिसच्या सहलीला मांडव्याच्या लाँचमध्ये मला उलटी झाली. लाँच तेव्हा सुटलीही नव्हती, धक्क्याला बांधलेली होती. ऑफिसात मला अजून कॅप्टन म्हणतात.

सायली मात्र खरोखरीच समुद्रावर गेली. लहानपणी मामा तिला रविवारी कॉटन ग्रीनच्या बाजूला घेऊन जायचे, गोदामं दाखवायचे, जहाजांचे भोंगे ओळखायला शिकवायचे. ती मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर झाली तेव्हा मामांनी चाळीत माणशी दोन, असे मोजून पेढे वाटले. गेल्या वर्षी ती ‘ओशन जास्मिन’ नावाच्या मालवाहू जहाजावर चढली. युरोपातून निघून सुएझच्या कालव्यातून, तांबड्या समुद्रातून इकडे यायचं होतं. त्याच दिवसांत त्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते. ड्रोन काय, क्षेपणास्त्रं काय, टीव्हीवर रोज लाल अक्षरांत चालू. मामींचं जेवण गेलं. त्या रात्र-रात्र बसून राहायच्या. आणि तेव्हा, कुणी न बोलावता, मदतीला मी धावलो.

मी मामींच्या मोबाईलवर ते ॲप घालून दिलं, ज्यात जगातली जहाजं नकाशावर ठिपक्यासारखी दिसतात. नाव टाकलं, ठिपका आला. मी तो मोठा केला आणि तेवढाच भाग दिसत राहील असं करून दिलं. हिरव्यातून जाणारी निळी बारीक रेघ, तिच्यात हळूहळू सरकणारं जहाज. “हे बघा मामी, सुएझचा कालवा. इथे लष्कराचा पहारा असतो. पाखरूसुद्धा फिरकू शकत नाही.” मामींनी मोबाईल कपाळाला लावला. जास्मिन म्हणजे जाईच की, असं म्हणून त्या जहाजाला जाई म्हणायला लागल्या. मामांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “वा. छान.” मामा मला कधीच छान म्हणाले नव्हते. मी घरी जाऊन बायकोला तीन वेळा सांगितलं.

मग पंधरा दिवस रोज मामींचा फोन. “आज जाई अजून कालव्यातच आहे हो.” मी म्हणायचो, “मोठी रांग असते मामी.” “आज परत मागे गेली.” “वळवून घेतात कधीकधी.” कालव्यात जहाज वळवतात की नाही याची मला कल्पना नव्हती, पण भाषणं देऊन माझा घसा तयार झालेला होता. मामी म्हणायच्या, “बापावर गेली आहे. हा माणूस पण घरातून निघाला की गॅस बघायला दोनदा मागे येतो.” मामी जेवायला लागल्या, झोपायला लागल्या. मला एवढंच खटकलं की मामांनी टीव्ही बंद ठेवला होता. बिघडलाय म्हणाले. मला तर प्लग काढून खुंटीला गुंडाळलेला दिसत होता. म्हटलं, वयानुसार माणूस चिकट होतो.

मग एका दुपारी ऑफिसात बातमी वाचली. तांबड्या समुद्रात एका मालवाहू जहाजावर हल्ला, नाव कळलेलं नाही. मी घाईघाईने माझ्या मोबाईलवर ओशन जास्मिन शोधलं आणि पहिल्यांदा नीट बघितलं. त्या नावाची दोन जहाजं होती. एक सव्वादोनशे मीटरचं. दुसरं ऐंशी मीटरचं, रेती वाहून नेणारं, जर्मनीतल्या एका नदीत दोन गावांच्या मध्ये ये-जा करणारं. मामी पंधरा दिवस जिच्या नावाने दिवा लावत होत्या ती जाई जर्मनीत रेती टाकत होती. आणि खऱ्या जहाजाचा शेवटचा ठिपका चार दिवसांपूर्वीचा, तांबड्या समुद्रात. त्यानंतर काहीच नाही.

परळहून चिंचपोकळीला मी कसा पोचलो ते मला सांगता येणार नाही. दार उघडंच होतं. मामी लसूण सोलत बसल्या होत्या, समोर पाटावर मोबाईल. “या. आज जाई बरीच पुढे गेली बघा,” त्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मामा गॅलरीच्या टोकाला, भिंतीला पाठ टेकून बसले होते. मी जाऊन त्यांच्याजवळ उकिडवा बसलो आणि सगळं भडाभडा ओकलो. दोन जहाजं, नदी, रेती, माझा गाढवपणा. मामा म्हणाले, “गप ऱ्हवा जरा. हळू. तिका ऐकू जायत.”

“मामा, तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवशीच. दोन्ही काठांना हिरवीगार झाडी होती, जावईबापू. सुएझच्या दोन्ही अंगांना वाळवंट असतं. आणि प्रत्येक जहाजाला जन्माचा सात आकडी नंबर असतो, नाव बदललं तरी बदलत नाही. तिच्या जहाजाचा नंबर मला पाठ आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी मानेनेच आत दाखवलं. मामी लसणीची पाकळी फुंकत होत्या. “त्या दिवशी जेवली ती,” मामा म्हणाले. “मी छान म्हणालो ते काय तुम्हाला म्हणालो?”

मग त्यांनी मांडीखालची सतरंजी बाजूला केली. तिच्याखाली एक जुना, चिरलेला नकाशा होता, कधीतरी गोदीच्या रद्दीत निघालेला. त्यावर तांबडा समुद्र, आणि त्यात वरून खाली पेन्सिलीच्या बारीक खुणा. सायलीने जाताना फक्त बापाला सांगून ठेवलं होतं की त्या पट्ट्यात जहाजं आपला ठिपका मुद्दाम बंद करतात, म्हणजे मारणाऱ्याला सापडू नये. आपला फोनही पाच-सहा दिवस लागणार नाही. तेव्हापासून, मामी भाजीला किंवा भजनाला गेल्या की मामा ताशी वेग आणि गेलेले तास यांचा गुणाकार करून फूटपट्टीने खूण करत होते. मी विचारलं, “मग आत्ता कुठे आहे?” त्यांनी पट्टी लावली. शेवटच्या खुणेपासून पेन्सिल खाली आली, दोन्ही बाजूंची जमीन जवळजवळ येते तिथे थांबली.

“हयसर,” मामा म्हणाले. “हयसर आसतली.”

मामांच्या तोंडी ‘असेल’ ऐकून मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना ते कळलं, आणि त्यांनी नकाशावरून हात फिरवला, जणू घडी काढत होते. “तिका मियाच पाठवलंय,” ते म्हणाले. “तिला बँकेची परीक्षा द्यायची होती. मी म्हटलं, बँकेत काय ठेवलंय, जग समुद्रावर चालतं. भोंगे ऐकवले, गोष्टी सांगितल्या. स्वतः कधी धक्का सोडला नाही. मला भीती वाटते हो. माल मोजताना कधी वाटलं नाही की त्या पेट्यांबरोबर कुणाची पोरं पण येतात.” ते रडत होते. आयुष्यात बोलण्याचेच पैसे घेतलेला माणूस मी. मी फूटपट्टी धरून बसलो, कारण ती सारखी सरकत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सायलीचा मेसेज आला. ‘बाबा, बाहेर पडलो. सगळे ठीक. भूक लागलीय.’ मामांनी तो मला फोनवर वाचून दाखवला, मग परत एकदा वाचून दाखवला, आणि मग फोन तसाच चालू ठेवून मामींना सांगायला गेले. मला लांबून मामींचा आवाज आला, “त्यात काय एवढं? मी रोज बघतेय की तिला.”

सायली रजेवर घरी आली तेव्हा सगळं बाहेर पडलं. तिने आईच्या मोबाईलमध्ये डोकावून विचारलं, “आई, ही रेतीची बोट काय बघतेस?” मामी दोन दिवस मामांशी बोलल्या नाहीत. माझ्याशी चार दिवस, आणि ते बरोबरच होतं. पाचव्या दिवशी मी माफी मागायला गेलो आणि म्हणालो, आता खरं जहाज घालून देतो. मामी म्हणाल्या, “घाला. पण त्या पोरांचं काढू नका. बिचारी रोज रेती नेतात, त्यांची आई बघते की नाही कुणास ठाऊक.”

गेल्या महिन्यात सायली पुन्हा गेली. निघताना ती दारात उभी राहिली, तिने कुठे, कशाला आणि परत कधी ते सांगितलं. मामांना ‘दिलं’ म्हणायला जरा वेळ लागला. त्यानंतर ते बोलेनासे झाले आहेत. परवा मामींनी पानात काय काय वाढलं, त्यांनी एकाही पदार्थाचं बंदर सांगितलं नाही. आता दर रविवारी मी जाऊन बसतो. पूर्वी त्यांची व्याख्यानं टाळायला मी जिन्यावरून परत फिरायचो. आता मीच खडे टाकतो. गेल्या रविवारी म्हणालो, “मामा, पनामाचा कालवा आफ्रिकेतच ना?” मामा सरसावून बसले, माझ्या शिक्षणाचा, पगाराचा आणि काचेच्या इमारतीचा उद्धार केला आणि तासभर बोलले. तेवढा तास त्यांनी मोबाईलकडे पाहिलं नाही. येत्या रविवारसाठी मी आणखी एक चूक शोधून ठेवली आहे. पूर्वी मला त्यासाठी कष्ट पडत नसत.